हिरडी पातळ असेल तर ग्राफ्ट (टाळूचा तुकडा काढून हिरडीला लावणं) टिकतो का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
कॉलेजात असताना दातांना तारा लावल्या होत्या. आता पस्तिशीत खालच्या पुढच्या एका दाताची हिरडी उतरून मूळ उघडं पडलंय, साधारण ३ मिमी. गार पाणी लागलं की कळ कानात जाते.

हिरड्यांच्या डॉक्टरांनी कडेच्या आत बारीक प्रोब (तपासायची सळी) सरकवला आणि आरशात दाखवलं, त्याची करडी रेघ हिरडीतून चक्क आरपार दिसत होती. सुळ्याजवळ तसं काही दिसलं नाही. म्हणे तुमची हिरडी इथे पातळ आहे, १ मिमीच्या आतली. टाळूच्या आतला कनेक्टिव्ह टिश्यू, म्हणजे वरच्या पापुद्र्याखालचा थर, काढून हिरडीखाली सरकवायचा, असं त्यांचं मत. दुसरे डॉक्टर म्हणतात, टाळूचा वरच्या पापुद्र्यासकट तुकडा काढून बाहेरूनच शिवू. पातळ हिरडीत यातलं काय टिकतं? की हिरडीच मुळात अशी, तर पुन्हा उतरणारच?

– खारीबिस्कीट

दातखीळ: हिरड्यांचाच डॉक्टर आहे, पण तुमचं तोंड पाहिलेलं नाही हे धरून वाचा.

उघड्या मुळाला रक्तपुरवठा नसतो. वर ठेवलेला ग्राफ्ट पहिले दोन-तीन दिवस नुसत्या झिरपणाऱ्या द्रवावर तगतो, मग बाजूने आणि त्याला झाकणाऱ्या हिरडीतून केशवाहिन्या शिरतात. ही झाकणारी हिरडी पातळ असली की वाहिन्या कमी, शिवताना फाटण्याची भीती जास्त. ०.८ मिमीपेक्षा जाड असेल तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे पातळपणा नडतो हे खरं. पण नुसती हिरडी ओढून शिवली तर जास्त नडतो. आत टिश्यू घातला की ती जाड होते आणि पुढे टिकायलाही मदत होते, म्हणून पातळ हिरडीलाच त्याची खरी गरज.

बाहेरून लावलेला तुकडा भक्कम असतो, पण रंग टाळूचाच राहतो, फिकट ठिगळासारखा. मूळ झाकण्याचीही त्यात तेवढी खात्री नाही. मात्र दाताखाली घट्ट गुलाबी पट्टा उरलाच नसेल आणि ओठ ओढल्यावर कड हलत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं चुकीचं नाही.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दोन दातांमधलं हाड. ते शाबूत असेल तर पूर्ण झाकण्याची आशा धरता येते. झिजलं असेल तर हिरडी कितीही जाड असो, पूर्ण झाकलं जाणं अवघड. एक्स-रे काढलाय का? आणि सिगारेट, तंबाखू, मिश्री यातलं काही असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

टाळूपीडित: माझा आतून घातलेला ग्राफ्ट छान बसला. खालच्या दातापेक्षा टाळूच जास्त ठणकला! टाळूवर बसवायची प्लास्टिकची प्लेट आधीच करून मागा. आणि ओठ खाली ओढून बघायचा मोह आवरा, टाके त्यानेच सुटतात. घरचे सगळे "दाखव, दाखव" करतात.

खारीबिस्कीट: दोघांचे आभार. व्यसन नाही. एक्स-रेत मधलं हाड ठीक आहे म्हणाले. खाली गुलाबी पट्टाही आहे, अरुंद.

दातखीळ: मग आतला टिश्यू हाच पर्याय मला बरा वाटतो. अजून एक, तारांनंतर दातांच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बारीक तार अजून आहे का? ती वाकून दात हाडाबाहेर ढकलत असेल तर ग्राफ्टच्या आधी तिचं बघावं लागेल.

खारीबिस्कीट: आहे की! आणि दोघांपैकी कुणीच तिच्याबद्दल विचारलं नव्हतं. आधी तारा लावणाऱ्या डॉक्टरांनाच गाठतो.