गाडीचा फोटो एडिट केलाय का ते कसं ओळखायचं? टोकन द्यायच्या आधी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, साताऱ्याहून लिहितोय.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, स्कूटर सुटली, आणि कऱ्हाडला डॉक्टरांकडे न्यायचं म्हटलं की दर वेळी कुणाची तरी गाडी मागावी लागते, म्हणून जुनी वॅगनआर बघतोय. सांगलीची एक मिळाली, २०१७ ची, सिल्व्हर, तीन लाख दहा हजार सांगतायत. व्हॉट्सअ‍ॅपवर सात फोटो आले आणि कालपासून दोनदा फोन येऊन गेला की दुसरं गिऱ्हाईक आहे, दहा हजार टोकन टाका म्हणजे गाडी धरून ठेवतो.

फोटो लॅपटॉपवर मोठे करून बघत बसलो आणि चौथ्या फोटोवर अडकलो. क्लीनर साईडनं काढलाय, गाडी खडीवर उभी आहे, समोर कुठंतरी कंपाउंडची भिंत असणार कारण तिची वरची कड दारांवर उमटलीय. पुढच्या दारावर ती रेघ अगदी सरळ आहे, मागच्या दारावर आली की एकदम वाकते आणि बोटभर खाली जाते, पाण्यात काठी बुडवली की दिसते ना तशी. दुसरं म्हणजे टपाच्या कडेला आभाळाला लागून एक पांढरी बारीक किनार आहे, गाडी कापून चिकटवल्यासारखी. तिसरं, आरशाची सावली एकीकडं पडलीय आणि शेजारच्या खांबाची जरा दुसरीकडं. नंबर प्लेट तर सगळ्याच फोटोत पुसट केलीय, पण ते हल्ली सगळेच करतात म्हणून सोडून दिलं.

आणि सांगली म्हटल्यावर बाबांच्या डोक्यात पहिला पूर आला. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली, धोक्याची पातळी ४५, मग २०२१ च्या जुलैत परत पाणी. गाडी २०१७ ची म्हणजे दोन्ही पूर तिनं बघितलेत, कुठं उभी होती एवढाच प्रश्न आहे. दाराखालचे पाण्याचे डाग पुसून फोटो पाठवला असेल तर?

एका साईटवर फोटो टाकून तो एरर लेव्हल का काय तो, फोटोत कुठं फेरफार झालाय ते दाखवतो म्हणतात, तो प्रकार पण केला, काळ्या चित्रात हेडलाईट आणि दारांच्या कडा पांढऱ्या चमकतायत. याचा अर्थ एडिट धरायचा का? बाबांच्या फंडातले पैसे आहेत, प्लीज जाणकारांनी सांगा.

मिरजेचा_फोटोवाला: दादा, टोकन अजिबात टाकू नका, पहिलं ते. आता एकेक बघू. एरर लेव्हलचं सोडून द्या, व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना सगळा नव्यानं दाबून बारीक करतं त्यामुळं जुन्या खुणा बऱ्याचशा पुसल्या जातात, आणि जिथं काळं-पांढरं एकदम शेजारी येतं तिथं ते चमकतंच, धड फोटोत पण. पांढरी किनार मोबाईलच्या शार्पनिंगची असते, माझ्याकडं लग्नाच्या फोटोत रोज दिसते. सावलीचं असं करा, आरशाच्या टोकापासून त्याच्याच सावलीच्या टोकापर्यंत पट्टी लावून रेघ ओढा, खांबाचं तसंच करा, तिसरी एखादी वस्तू मिळाली तर तिचंही, आणि रेघा लांब वाढवा. ऊन एकच असेल तर सगळ्या एका ठिकाणी मिळतात, सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागं असेल तर खाली जमिनीच्या बाजूला मिळतात. नुसत्या सावल्या वेगळ्या दिशेला दिसल्या म्हणून काही ठरत नाही, जवळून वाईड लेन्सनं काढलं की तसं दिसतंच. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, इमेज म्हणून नको, म्हणजे मोबाईलचं मॉडेल, तारीख, वेळ आणि कधीकधी कुठल्या सॉफ्टवेअरमधून गेला ते पण आत राहतं.

डेंटर_भाऊ: ते दार फोटोत बिघडवलेलं नाही ओ, खरंच बिघडलेलं आहे. मागचं दार ठोकून काढलंय आणि लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी, भरलीय. लांबीवर हात फिरून पॉलिश कितीही मारलं तरी आत उमटलेली रेघ सरळ येत नाही, आम्ही स्वतः काम तपासताना ट्यूबलाईटचं प्रतिबिंबच बघतो. फोटोवर संशय घेऊ नका, त्या दारावर घ्या. गेल्यावर लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून लावा, जिथं लांबी जाड तिथं पकडत नाही.

खणभागची_ताई: तुमच्या चौथ्या फोटोत पुढच्या चाकाच्या मागची खडी बघा. एक तिकोनी पांढरा खडा आणि त्याच्या डाव्या अंगाला दोन काळे, हीच तिकडी हातभर अंतरावर परत आहे, तशीच्या तशी. खडीत असं होत नाही. मोबाईलमधलं पुसायचं टूल शेजारची जमीन उचलून चिकटवतं. तिथं काय होतं ते विचारा. आणि गाडीचा नंबर मागा, एमपरिवाहन या सरकारी अ‍ॅपवर रजिस्ट्रेशनची तारीख, इन्शुरन्स, कर्जाचा बोजा दिसतो. जो नंबर देत नाही त्याच्याकडं जाऊच नका. पुराचं बघायचं तर सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढा, आमच्याकडं सांगलीत २०१९ नंतर धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाड्या आल्या पण पट्ट्याच्या शेवटच्या वितीवर गाळाची रेघ राहिलेली.

(मूळ प्रश्नकर्ता): ताई, तुमचे पाय धरतो. ती तिकडी मी दोन दिवस बघत होतो आणि दिसली नाही.

सावल्यांच्या रेघा ओढल्या, आरसा, खांब आणि अँटेना, तिन्ही खाली एकाच जागी मिळाल्या, म्हणजे गाडी तिथंच उभी होती. मग फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवले तर त्यांच्या पुतण्यानं त्या दिवशीचे सगळेच नऊ पाठवले. आठवा फोटो चौथ्याच्या आधी चार मिनिटं काढलेला, त्याच बाजूनं, आणि त्यात त्या जागेवर खडी काळी ओली आहे, ताटाएवढा डाग, मधोमध चकाकतोय, पुढच्या चाकाच्या मागं, इंजिनाच्या खाली. फोन करून विचारलं तर म्हणाले गाडी धुतली होती, पाणी आहे. बाकी खडी पूर्ण कोरडी आहे आणि टायर पण कोरडे आहेत, म्हणजे इंजिनातून काहीतरी गळतंय आणि तेच पुसलंय असं वाटतंय.

नंबर दिलाय त्यांनी, एमएच-१० चाच आहे, मालक पहिलाच, बोजा नाही, तेवढं बरं वाटलं. टोकन दिलं नाही, सांगितलं की येऊन बघतो. डेंटर भाऊंचं चुंबक घेतलंय आणि आमच्या इथले मेकॅनिक काका सोबत येतायत. त्यांनी एकच निरोप द्यायला लावला की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका आणि जागेवरून हलवू नका, थंड इंजिनावर चालू करून बघायचीय आणि खालची जमीन पण बघायचीय. रविवारी सकाळी सहाला निघतोय, पेठ नाक्यावरून. खणभागच्या ताई, तुम्ही सांगितलेला पट्टा बाबा स्वतः ओढून बघणार म्हणतायत.