वाघाच्या अंगावरचे पट्टे सॉफ्टवेअरने भरायचे का?

पाणकाठ (धागाकर्ता)

गेले तीन आठवडे रात्री जेवणं उरकली की भिगवण आणि ताडोब्याचे फोटो घेऊन बसतोय. आधी डार्कटेबल हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं, मग मित्राच्या संगणकावर एआयने नॉइज (कमी उजेडात फोटोवर येणारे दाणे) काढणारं एक विकतचं.

भिगवणला डार्कटेबलने मन जिंकलं. उजनी धरणाच्या पाण्यावर सकाळी धुकं असतं, त्यामुळे रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, संस्कार न केलेली मूळ फाइल) उघडली की रोहित पक्षी राखेत लोळल्यासारखे दिसतात. एक्सपोजर जरा वर नेलं, व्हाइट बॅलन्स थोडा उबदार केला, आणि होडीतून पाहिलेली सकाळ परत आली. सॅच्युरेशनला मात्र हात आखडता घेतला. मोठा रोहित फिकट असतो, गडद गुलाबी असतो तो लहान रोहित. रंग ओतला तर जातीचाच घोळ व्हायचा.

अडलो ताडोब्यात. सकाळचा कोवळा उजेड, बांबूची सावली, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ६४००पर्यंत वाढवलेला, आणि वाघीण. फोटोभर दाणे. एआयने एका मिनिटात असा स्वच्छ करून दिला की घरातले सगळे गोळा झाले. मग दोन सेकंदांनंतरची, ती उन्हात आल्यावरची फ्रेम शेजारी लावली. खांद्यावरचा एक पट्टा खाली दुभंगतो. एआयच्या फोटोत तो सरळ, अखंड होता.

वाघांची ओळख या पट्ट्यांवरून पटते, कॅमेरा ट्रॅपमधली (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांतली) गणनाही त्यांच्यावरच चालते. म्हणून माझं मत: उजेड आणि रंग सावरा, पण प्राण्याच्या अंगावर जे नव्हतं ते घालू नका.

अंधारखोली

तुमची कळकळ पटते, रेघ पटत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा यातला एकच रंग टिपतो. उरलेले दोन शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे तुमच्या ‘खऱ्या’ रॉ फाइलमधूनही जे चित्र दिसतं, त्यातले दोन तृतीयांश रंग अंदाजाचेच. मी फिल्मच्या काळातला माणूस. एन्लार्जरखाली (फिल्मवरचं चित्र कागदावर मोठं करून पाडणाऱ्या यंत्राखाली) हाताची सावली धरून चेहरा उजळायचो, जास्त वेळ उजेड देऊन आकाश गडद करायचो. त्याला कोणी खोटं म्हटलं नाही. आणि ती वाघीण तुम्ही गणनेसाठी टिपली होती की भिंतीवर लावायला?

पाणकाठ

काका, अंदाज दोन्हीकडे आहे, हे मान्य. पण सेन्सरचा अंदाज त्याच वाघिणीच्या शेजारच्या ठिपक्यांवरून बांधलेला असतो. डार्कटेबलमधलं नॉइज काढणंही तसंच, त्याच फोटोतले सारखे दिसणारे तुकडे शोधून त्यांची सरासरी घेतं. एआय दुसऱ्या हजारो फोटोंवर शिकलेलं असतं. माझ्या वाघिणीच्या खांद्यावर त्याने कुठल्या तरी भलत्याच फोटोंची आठवण रंगवली. भिंतीवरचा फोटो भिंतीवर राहत नाही हेही पाहिलंय. तो ग्रुपवर जातो, तिथून कुणाच्या तरी नोंदीत.

माळढोक

सगळा दोष सॉफ्टवेअरवर ढकलू नका. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते, तेव्हा फोटोशॉप जन्मायचं होतं. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९चा लांडग्याचा विजेता फोटो बाद झाला, कारण तो लांडगा बहुधा पाळीव होता. २०१७च्या मुंगीखाऊच्या फोटोत पेंढा भरलेला प्राणी ठेवल्याचं तज्ज्ञांचं मत झालं. या दोन्हींत एडिटिंगचा संबंधच नव्हता. फसवायचं असेल तर माणूस जंगलातच फसवतो.

सुगरण

मला फांदीबद्दल बोलायचंय. एके वर्षी एका स्वर्गीय नर्तक पक्ष्याच्या घरट्यावर सावली धरणारी डहाळी फोटोवाल्यांनी छाटली. ती चोचीच्या आड येत होती म्हणून. दुसऱ्या दिवशी पिल्लं उघड्या उन्हात चोची वासून बसलेली. तिसऱ्या दिवशी घरटं रिकामं, आणि वरच्या फांदीवर कावळे. तेव्हापासून मी शिकणाऱ्या मुलांना बजावते, डहाळी नको असेल तर घरी येऊन माउसने पुसा, झाडाला हात लावू नका. घुबडावर फ्लॅश मारण्यापेक्षा आयएसओ वाढवा आणि नॉइज काढा, हवं तर एआयने. या सॉफ्टवेअरमुळे एक जरी घरटं वाचलं तरी मी त्याच्या बाजूने उभी राहीन. पाणकाठदादा, तुमच्या नियमात ही डहाळी कुठे बसते?

अंधारखोली

सुगरणताईंना पूर्ण पाठिंबा.

दगडफूल

मी धागाकर्त्याच्या बाजूने. रानपिंगळा या छोट्या घुबडाचं उदाहरण आपल्याच खानदेशातलं आहे. १८८४नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. मधल्या काळात ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला एक नमुना होता. तो पुढे चोरीचा निघाला: जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला जुना पक्षी, नव्याने शिवून, खोटी चिठ्ठी लावलेला. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्या, तेव्हा नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ पक्षी सापडला.

माळढोक म्हणतात ते खरं, खोटेपणा माणसाचाच. पण माइनर्ट्झहागेन यांना निदान ठाऊक होतं की आपण काय करतोय. पाणकाठ यांना शेजारची फ्रेम नसती तर कधीच कळलं नसतं. मला काळजी वाटते ती याची.

पाणकाठ

सुगरणताई, तुमच्या डहाळीपुढे माझा नियम टिकला नाही. पुसायचीच तर माउसने पुसावी. माझं म्हणणं आता एवढंच: फोटोखाली तसं लिहावं, आणि पक्ष्याच्या नोंदीसोबत देताना डहाळीसकट मूळ फोटो द्यावा. डार्कटेबल मूळ फाइलला हात लावत नाही, केलेले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवतं. ती फाइल उघडली की कुठे काय केलं ते पायरीपायरीने दिसतं.

वाघिणीबाबत मात्र मी हटणार नाही. एआयचा फोटो ग्रुपवरून काढला आणि दाणेदार टाकला. अंधारखोलीकाका, तुमच्या फिल्मवरच्या वाघांचे दाणे पाहायचेत. स्कॅन करून इथे टाकाल का?

अंधारखोली

पेंचचा एक आहे, १९९४चा. रविवारी शोधतो.