कांग यात्से-२ वरून अर्ध्यातून परत आलो, यंदा पुन्हा जायचंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लडाखमधल्या कांग यात्से-२ या शिखराबद्दल (साधारण ६,२५० मी.) विचारायचंय. तिथलंच दुसरं शिखर स्टोक कांगरी २०२० पासून बंद, म्हणून सहा हजारी करायचं तर हेच असं ठरवलेलं.

वय ४७, मुक्काम पुणे. वीस वर्षं सह्याद्री भटकतोय, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड तीनदा झालाय. त्याच गुर्मीत गेल्या ऑगस्टमध्ये विमानाने लेहला (३,५०० मी.) उतरलो आणि एकच दिवस थांबून मारखा खोऱ्यात शिरलो. निमालिंगला (बेस कॅम्पच्या आधीचा मुक्काम) पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागलं. गाईडला बोललो नाही, परत पाठवेल म्हणून.

बेस कॅम्पवरून रात्री अकराला निघालो. बर्फात दहा पावलं टाकायची की ओणवं होऊन धापा टाकायच्या. पहाटे क्रॅम्पॉनचा (बर्फासाठी बुटाखाली बांधायचे खिळे) पट्टा सैल झाला. हातमोजे घालून तो आवळता येईना, काढले तर बोटं लाकडासारखी. शेवटी गाईडनेच आवळला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, आज कौनसा दिन है?" मी शनिवार म्हणालो. मंगळवार होता. तिथूनच मला खाली उतरवलं. चूक माझीच.

आता सांगा, लेहला किती दिवस थांबू? विमानाऐवजी मनालीहून गाडीने गेलो तर उंचीची सवय होईल का? डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) आधीपासून घ्यावी का? आणि बूट तिथेच भाड्याने घेऊ की विकत? (घरचं मत: जाऊच नये. ते सोडून बोला.)

प्रतिसाद:
मनाली नको. त्या रस्त्याने बरेचदा सरचूला मुक्काम पडतो, ते ४,२०० च्या वर, म्हणजे लेहपेक्षाही उंच. श्रीनगरहून या, कारगिलला झोपा, मग लेहला निदान तीन रात्री. तीन हजारच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही. त्यामुळे मारखा खोऱ्यातल्या हांकर गावाहून थेट निमालिंग गाठू नका, मध्ये थाचुंगत्सेला राहा. निमालिंगलाही एक दिवस जादा. डायमॉक्स डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा. आणि गोळी घेतली म्हणून डोकेदुखी लपवायची नाही. वार चुकणं म्हणजे उंचीचा त्रास मेंदूपर्यंत गेला होता, गाईडचे पाय धरा.

बूट लेहला भाड्याने मिळतात. दोन मोजे चढवून, संध्याकाळी माप घ्या. क्रॅम्पॉन दुकानातच त्यावर लावून बघा, हातमोज्यांसकट.