मोडी कागदांचे दोन रुमाल कॉलेजात आलेत, लॅमिनेशन करू का?

वेंगुर्ल्याची ग्रंथपाल:
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीला गावातल्या एका जुन्या घरातनं पत्र्याची ट्रंक मिळालीय. आत जुन्या मोडी लिपीतल्या कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आणि खोतीच्या (गावचा सारा गोळा करायच्या वतनाच्या) हिशोबाच्या वह्या. तळाला ओल लागून कागद एकमेकांना चिकटलेत, एका वहीची तर पाठ कसरीनं पार खाल्लीय. आता वरून सांगतायत की सगळं सोडवा, तारखेप्रमाणे लावा नि लॅमिनेशन करून काचेच्या कपाटात ठेवा. मला हे पटत नाहीय पण कारण नीट मांडता येत नाही. पावसाच्या आत काहीतरी करायलाच हवं, कोणी असं काम केलंय का?

कागदवेडा, रत्नागिरी:
ताई, लॅमिनेशन अजिबात करू देऊ नका!! ते प्लास्टिक गरम होऊन कागदाला असं धरतं की परत सोडवता येत नाही, आणि ओल आतच कोंडते. सेलोटेपही नको. मोडीचा हातकागद चिवट असतो पण काजळीची शाई पाणी लागलं की पसरते, म्हणून चिकटलेले कागद ओले करून सोडवायला जाऊ नका, सावलीत पंख्याच्या हवेवर सुकू द्या, खाली टीपकागद घाला, ऊन नको. जे सुटत नाहीत ते तसेच राहूदेत, जाणकार माणूस येईपर्यंत थांबा.

मोडीवाचक:
तारखेप्रमाणे लावू नका हे माझं कळकळीचं सांगणं. बऱ्याच पत्रांवर नुसतं 'छ ७ रजब' (छ म्हणजे चंद्र, रजब महिन्याची सातवी तारीख) एवढंच असतं, वर्षच नाही. असलंच तर 'इसन्ने सबैन मया व अलफ' असं अरबी शब्दांत, म्हणजे सुहूर सन (त्या काळची वर्षगणना) ११७२, त्यात ५९९ मिळवले की इसवी १७७१-७२. ज्यावर वर्ष नाही त्याचा काळ रुमालातल्या शेजारच्या कागदांवरून लागतो, एकदा क्रम मोडला की तो धागा कायमचा गेला. गाठ सोडायच्या आधी फोटो काढा, मग प्रत्येक कागदाला मऊ पेन्सिलीनं मागच्या कोपऱ्यात नंबर द्या. स्कॅन करताना मागची बाजू सोडू नका, कोरी वाटली तरी, शेरे तिथेच असतात.

आणि वह्यांना कमी लेखू नका हो. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली, पण कुठलं कूळ कुठला तुकडा कसत होतं, किती धान्य घातलं ते ह्या वह्यांत सापडेल. त्या कुळांची नातवंडं आज तुमच्या वर्गात बसत असतील.

देवगडकर:
काचेचं कपाट भिंतीला टेकवून ठेवलंत तर आपल्याकडच्या पावसात बुरशी आलीच समजा. ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की ती धरते, नि जुलैत आपल्याकडे ८०-९० सहज असते. भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून वर, आणि आत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा.

वेंगुर्ल्याची ग्रंथपाल:
खूप आभार सगळ्यांचे. गाठींचे फोटो आजच काढले, आणि पहिल्या रुमालाच्या वरच्याच कागदावर 'छ' दिसला, त्याच्यापुढचा आकडा मला लागत नाहीय, मोडीवाचक दादा, फोटो पाठवू का?