बक्स्टन आणि १८३३ च्या कायद्यातली मेख
ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी संपवल्याचं सगळं श्रेय अनेकदा खासदार विल्यम विल्बरफोर्सला दिलं जातं, पण १८३३ चा गुलामगिरीबंदीचा कायदा ब्रिटिश संसदेत रेटला तो थॉमस फॉवेल बक्स्टनने. हा १८०८ पासून लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या ब्रुअरीत, १८१८ पासून वेमथचा खासदार. १८२१ मध्ये विल्बरफोर्सनेच त्याला धुरा घ्यायला सांगितलं.

मेख तपशिलात आहे. १ ऑगस्ट १८३४ ला बहुतेक वसाहतींत लगेच सुटली ती फक्त सहा वर्षांखालची मुलं. बाकीचे 'अप्रेंटिस', म्हणजे त्याच मालकाकडे आठवड्याला ४५ तासांपर्यंत बिनपगारी राबणं. शेतमजुरांसाठी मुदत १८४० पर्यंत होती, पण १८३८ मध्येच ते गुंडाळावं लागलं. भरपाई दोन कोटी पौंड, तीही मालकांना! शिवाय कंपनी सरकारचा मुलूख कलम ६४ ने वगळलेला. हिंदुस्थानासाठी १८४३ चा पाचवा कायदा यावा लागला.