१५००आर, १ एमएस, एचडीआर१०: कर्व्ह्ड मॉनिटरच्या जाहिरातीतलं काय बघायचं?

तापीकाठ, चोपडा

राम राम मंडळी. आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाला जोडायला २७ इंची कर्व्ह्ड मॉनिटर घ्यायचाय. जाहिरातीत लिहिलंय: १५००आर, व्हीए पॅनल (पडद्याचा एक प्रकार), १६५ हर्ट्झ (सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलतं), १ एमएस (मिलिसेकंद), एचडीआर१०, १.६७ कोटी रंग. १९२० बाय १०८० चा स्वस्त आहे, २५६० बाय १४४० ला थोडे जास्त पडतात. पैसे कशावर घालू? टेबल दोन फूट खोल. दिवसा ऑटोकॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर), रात्री गेम.

पिक्सेलवाला, जळगाव

पहिले रिझोल्यूशन. २७ इंचावर १९२० बाय १०८० म्हणजे इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल. दोन फुटांवरून ऑटोकॅडच्या तिरप्या रेघांना पायऱ्या दिसतात. २५६० बाय १४४० ला इंचाला १०९ पडतात. जास्तीचे पैसे इथेच घाला. ३०६० वर जड गेम सेकंदाला १६५ फ्रेमपर्यंत जाणार नाहीत, पण फ्रीसिंकची (मॉनिटरचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) रेंज ४८ हर्ट्झपासून सुरू होत असेल तर ७०-८० फ्रेमलाही चित्र फाटत नाही.

१५००आर म्हणजे १५०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. आकडा लहान तितका बाक जास्त. दुकानात डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत दोरा ताणून धरा, काचेला दाबू नका. २७ इंचीत मधली काच दोऱ्यापासून साधारण ३ सेंटिमीटर आत दिसते, १०००आर असेल तर साडेचार. एवढ्या रुंदीला बाकाने खेळात फार फरक पडत नाही, तो ३४ इंचीत खरा कामाला येतो. व्हीएला मात्र एक फायदा आहे: हे पॅनल तिरपं पाहिलं की रंग फिके पडतात, आणि बाकामुळे दोन्ही कडा तुमच्याकडे वळतात. शेजारी बसून नकाशा बघणाऱ्याला सरळ रेघ वाकलेली दिसेल, ते धरून चाला.

धुळे_कट्टा

भाऊ, सगळ्यात फसवा आकडा १ एमएसचा. त्याच्यापुढे बारीक अक्षरात एमपीआरटी लिहिलंय का बघा. असेल तर तो पॅनलचा वेग नव्हेच. दोन फ्रेमच्या मध्ये बॅकलाइट विझवून चित्र डोळ्याला कमी वेळ दाखवायचं, म्हणजे हालचाल स्पष्ट वाटते. हा मोड लावला की पडद्याचा उजेड कमी होतो आणि बहुतेक मॉनिटरवर फ्रीसिंक बंद करावं लागतं. जीटीजी लिहिलं असेल तर तो करड्याच्या एका छटेतून दुसरीत जायचा वेळ, पण बहुधा सगळ्यात अनुकूल छटा निवडून आणि ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायला जोर लावणारी सेटिंग) टोकाला नेऊन मोजलेला. रोजच्या वापरात तसं ठेवलं तर हलत्या वस्तूमागे उजळ शेपूट दिसतं. ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवरच ठेवा.

व्हीएची खरी अडचण काळ्यातून गडद करड्यात जाताना येते. तिथे २० ते ३० मिलिसेकंद सहज लागतात, आणि १६५ हर्ट्झला एक फ्रेम असते ६ मिलिसेकंदांची. म्हणजे मागच्या चार-पाच फ्रेमचा डाग पुढे ओढला जातो. दुकानात डार्क मोडमधलं कुठलंही पान उघडा आणि जोरात स्क्रोल करा. अक्षरं काळसर-जांभळी फरफटली तर गेममधल्या अंधाऱ्या खोल्यांतही तेच होणार. थंडीत हे वाढतं, कारण लिक्विड क्रिस्टल घट्ट होतं; आपल्याकडच्या डिसेंबरच्या सकाळी पॅनल वीस-पंचवीस मिनिटं तापू द्या.

एचडीआर१० म्हणजे जास्त उजळ-गडद चित्राचा सिग्नल मॉनिटर घेतो, एवढंच. ३०० निट्सच्या (उजेडाचं माप), लोकल डिमिंग (पडद्याचा हवा तेवढाच भाग मंद करणं) नसलेल्या पॅनलवर एचडीआर लावलं की चित्र उलट धुरकट होतं. बंद ठेवा. १.६७ कोटी रंग साध्या ८ बिट पॅनललाही असतात. कॉन्ट्रास्ट फक्त स्टॅटिक (एकाच बॅकलाइटवर पांढरं काळ्याच्या किती पट उजळ) बघा: व्हीएला ३००० ला १, आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलला १००० च्या आसपास.

तापीकाठ, चोपडा

दोऱ्याची युक्ती आवडली. खोली पत्र्याची आहे, मे महिन्यात फार तापते. टिकेल का? आणि घरात एचडीएमआय केबल आहे, ती चालेल?

भुसावळ_जंक्शन

बहुतेक मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत ४० अंशांची मर्यादा असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ होतात. आतल्या कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. वीजपुरवठ्याचा अॅडॉप्टर बाहेर असलेला मॉडेल घ्या, तेवढी उष्णता पॅनलमागे साठत नाही. भिंतीपासून १० सेंटिमीटर जागा सोडा, ब्राइटनेस कमी ठेवा, आणि दुपारी पत्रा तापलेला असताना तासन् तास चालवू नका.

केबल डिस्प्लेपोर्टची लावा. मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट २.० असेल तर १४४० ला गाडी १४४ हर्ट्झवर थांबते. जोडल्यावर विंडोज बहुधा ६० हर्ट्झवरच असतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन १६५ निवडा.

खोक्यातून काढताना पॅनल टेबलावर पालथं घालू नका. बाकामुळे सगळा भार दोन कडांवर येतो आणि काच तडकते. खालच्या थर्माकोलमध्ये असतानाच स्टँडचे स्क्रू आवळा, मग स्टँडला धरून उचला. पहिल्याच रात्री दिवे घालवून पूर्ण काळं चित्र लावा: कोपऱ्यात थोडा उजेड झिरपणारच, पण एकाच कोपऱ्यात पिवळट झोत दिसला तर परत करायची मुदत असतानाच बदलून घ्या.