रक्तक्षय, पांडुरोग की नुसतं ‘रक्त कमी’?

धंतोलीकर
नागपुरातल्या एका रुग्णालयाचं माहितीपत्रक भाषेसाठी तपासायला आलंय. न्यूमोनिया, डेंग्यू, मलेरिया असं काही होऊन भरती झालेल्या रुग्णाला ॲनिमियाही असेल तर आजार कसा बळावतो, हा विषय. मसुद्यात रक्तक्षय, पांडुरोग, रक्ताल्पता, ॲनिमिया असे चारही शब्द आलटूनपालटून आलेत. वाचणाऱ्याला वाटायचं, एकाच माणसाला चार दुखणी झाली. कोणता ठेवू? आणि ‘तीव्र रक्तक्षय’ चालेल का?

प्रूफवाला
रक्ताल्पता आधी काढा, ती हिंदीतून आली आहे. पांडुरोग जुना, आयुर्वेदातला. पांडु म्हणजे पिवळट पांढरा, त्यामुळे ऐकणारा काविळीकडे वळतो. रक्तक्षय सरकारी कागदांत रुळलाय, तोच ठेवा.

रात्रपाळी
भाऊ, कागदावर ठीक आहे, वॉर्डात रक्तक्षय चालत नाही. ‘क्षय’ एवढंच कानात शिरतं. केसपेपर वाचून दाखवला की बाहेर व्हरांड्यात कुजबुज सुरू, “टीबी निघाला म्हणते जी.” त्यातून टीबीच्या पेशंटला ॲनिमिया बरेचदा असतोच, मग एकाच पानावर दोन क्षय. आमच्या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांत, मेडिकल असो की मेयो, बाया सरळ म्हणतात, “अंगात रक्त नाही.” ॲनिमिया हा शब्दही आता सगळ्यांना कळतो, अंगणवाडीपर्यंत पोचलाय.

प्रूफवाला
‘अंगात रक्त नाही’ छापायचं का मग?

स्टेथो
छापू नका, कारण ‘रक्त नाही’ म्हटलं की पुढचं वाक्य ‘मग रक्त चढवा’ हेच येतं. ॲनिमियात रक्ताचं माप तेवढंच असू शकतं, कमी असतं हिमोग्लोबिन. जंतुसंसर्गाने शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांवर 2014 साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हिमोग्लोबिन 7 ग्रॅमवर आल्यावर रक्त चढवायचं की 9 वर, एवढाच प्रश्न. मृत्यूंत फारसा फरक दिसला नाही. तेव्हा 8 वर असलेल्या माणसाच्या नातेवाइकांनी पिशवीसाठी धावपळ करायची गरज बहुधा नसते. हृदयविकार किंवा रक्तस्राव असेल तर हिशेब वेगळा.

त्याहून घोळ घालणारा शब्द ‘टक्के’. “तिचं रक्त सात टक्के आहे” असं सर्रास बोलतात. दर 100 मिलिलिटरमागे ग्रॅम, म्हणून पूर्वी ‘ग्रॅम टक्के’ लिहायचे, त्यातला ग्रॅम गळाला. एरवी चाललं असतं, पण बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही टक्केच दाखवतो. न्यूमोनियाच्या बाईचा आकडा 97 आला की घरचे निर्धास्त. ते 97 म्हणजे जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती ऑक्सिजनने भरलंय, एवढंच. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. 14 ग्रॅमवाल्याकडे 100 मिलिलिटर रक्तात साधारण 18 मिलिलिटर, 7 ग्रॅमवालीकडे 9. मशीनवरचा आकडा दोघांचा एकच. बाकीची भरपाई हृदयाने जोरात धावून करायची, आणि तापात ते आधीच धावत असतं. माहितीपत्रकात एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घ्या, आणि हिमोग्लोबिन ‘ग्रॅम’मध्येच लिहा.

रात्रपाळी
डेंग्यूत उलटं होतं. नऊवरून हिमोग्लोबिन दोन दिवसांत अकरा आलं की नातेवाईक खूश, “बीट-डाळिंब दिलं ना!” खरं तर रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपून रक्त दाट झालेलं असतं. ॲनिमियाच्या बाईचा दाटपणाचा आकडा वाढूनसुद्धा ‘नॉर्मल’ दिसतो, म्हणून आधीचा रिपोर्ट शोधावा लागतो. शिवाय प्लेटलेटला ‘पांढऱ्या पेशी’ म्हणायची खोड आहेच. ती वेगळी.

स्टेथो
‘तीव्र’बद्दल राहिलं. अचानक आलेलं ते तीव्र, जास्त वाढलेलं ते गंभीर. गरोदर नसलेल्या बाईत 12 च्या खाली ॲनिमिया, 8 च्या खाली गंभीर. तो वर्षानुवर्षं मुरलेला असला तरी गंभीरच. तुमच्या पत्रकात ‘गंभीर’ हवं.

प्रूफवाला
मान्य. मग शीर्षक ‘ॲनिमियामुळे बळावणारे संसर्ग’?

स्टेथो
त्यातलं ‘मुळे’ मला खटकतं. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. ते लोहाची वाट अडवतं, लोह पेशींमध्ये कोंडून राहतं. जंतूंनाही लोह लागतं, त्यांना मिळू नये अशी ही व्यवस्था. पण त्यात आपलंही रक्त बनणं मंदावतं. मलेरियात तर तांबड्या पेशी थेट फुटतात. म्हणजे आजार जितका जबर, तितकं हिमोग्लोबिन खाली. कमी हिमोग्लोबिनच्या रुग्णांची अवस्था जास्त बिघडते हे खरं, पण त्यात कारण किती आणि परिणाम किती हे एका शब्दयोगी अव्ययाने ठरवू नये. ‘मुळे’ वाचून कोणी भर तापात लोहाचं इंजेक्शन मागेल, जे चालू जंतुसंसर्गात शक्यतो टाळतात.

गोंडवन
विदर्भात छापताय आणि सिकलसेल नाही? तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा तो आनुवंशिक आजार. इकडे लोक ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात, तोच शब्द घ्या. या मुलांचं हिमोग्लोबिन एरवीही 7-8 च्या आसपास असतं. खरा धोका वेगळा. त्यांची पाणथरी बरेचदा लहानपणीच निकामी होते, मग न्यूमोकोकससारखे जंतू भराभर रक्तात पसरतात. म्हणून लहान मुलांना पेनिसिलिन आणि लस. ‘रक्तवाढीची गोळी घ्या’ हे वाक्य त्यांना सरसकट लागू करू नका, तिथे रक्त कमी असतं ते लोहाच्या कमतरतेने नव्हे.

प्रूफवाला
पाणथरी! हा शब्द छापून आलेला कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. मसुद्यात ‘प्लीहा’ असणार, बदला.

धंतोलीकर
बदलला. शीर्षक ‘ॲनिमिया असताना संसर्ग झाला तर’. आत सगळीकडे ॲनिमिया, रक्तक्षय फक्त पहिल्यांदा कंसात. सिकलसेलची वेगळी चौकट टाकतो. ‘एसएस पॅटर्न’ अवतरणात ठेवू की तसाच?

गोंडवन
तसाच. इकडे अवतरण कोणी बोलत नाही.